रेचेल पॉजर यांचं नवं ध्वनिमुद्रण : विवाल्दीचे चार ऋतू आणि ‘ग्रोसो मोगुल’

षड्जपंचम | २१ ऑक्टोबर २०१८, २२:४०

विवाल्दीच्या ‘वसंता’त एक कुत्रा भुंकतो, हे मला पंचवीस वर्षं वाचून माहीत होतं. ऐकू आला तो या महिन्यात.

व्हायोलिनवादक रेचेल पॉजर आणि त्यांचा ब्रेकन बरोक हा वाद्यमेळ यांनी व्हेनिसच्या या अठराव्या शतकातल्या संगीतकाराच्या चार ऋतूंची, म्हणजे ‘वसंत’, ‘ग्रीष्म’, ‘शरद’ आणि ‘शिशिर’ या चार व्हायोलिन कॉन्चेर्तोंची (एक वादक पुढे, वाद्यमेळ साथीला, अशी रचना) सीडी यंदा काढली आहे (चॅनल क्लासिक्स, २०१८). सोबत विवाल्दीचेच आणखी तीन व्हायोलिन कॉन्चेर्तो आहेत : ‘इल रिपोझो’, ‘लामोरोझो’ आणि ‘इल ग्रोसो मोगुल’. तीन आठवडे मी ही रोज ऐकतोय, बहुतेक वेळा रात्री सगळे झोपल्यावर.

‘वसंता’चा मधला संथ भाग घ्या. शेळ्या राखणारा गुराखी कुरणात झोपलाय. त्याची झोप म्हणजे सोलो व्हायोलिनची लांब, निवांत सुरावट. भोवतीच्या पानांची सळसळ इतर व्हायोलिनांकडे आहे, अगदी हलकी, आणि शेवटपर्यंत हलकीच ठेवायची अशी सूचना. व्हायोलाकडे (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) मात्र एकाच सुराचे दोन ठोके, मग पुन्हा दोन ठोके, भाग संपेपर्यंत. तो कुत्रा. व्हायोला वाजवणाऱ्याच्या कागदावर विवाल्दीनं लिहून ठेवलंय, की हे सतत खूप जोरात आणि तोडून वाजवायचं. या भागात त्याहून खालच्या सुराचा चेलो गप्प, हार्पसिकॉर्ड हे पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्यही गप्प. म्हणजे सगळ्यांत खालचा आवाज त्या कुत्र्याचा. गुराखी झोपलाय आणि कुत्रा जागा आहे, असं ते चित्र.

मोठ्या वाद्यवृंदात सहा व्हायोला एकदम भुंकायला लागल्या की ते भुंकणं राहत नाही, तो मागचा पडदा होतो. शिवाय वाजवणारे संकोचतात, एवढ्या सुंदर सुरावटीखाली खडबडीत कसं वाजवायचं म्हणून. पॉजर यांनी प्रत्येक ओळीला एकच वादक ठेवलाय. एक व्हायोला, एक चेलो, पहिलं व्हायोलिन एक, दुसरं एक. त्यामुळे कुत्रा एकटा आहे आणि जवळ आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून खिडकीबाहेर पाहिलं.

मला या ध्वनिमुद्रणाबद्दल सांगायचं आहे ते एवढंच : खालच्या ओळी ऐका. सोलो व्हायोलिन आपण सगळ्यांनी पाठ केलंय. या वेळी कान खाली ठेवून ऐका, म्हणजे हे संगीत वेगळंच आहे असं वाटायला लागतं. ‘शिशिरा’ची सुरुवात घ्या. थंडीनं कुडकुडणं. आधी फक्त चेलो, एकच स्वर थरथरत. मग त्यावर व्हायोला येऊन बसते, मग दुसरं व्हायोलिन, मग पहिलं. थंडी पायांतून वर चढते तसं. सोलो व्हायोलिनचा तोवर पत्ताच नाही.

तुमच्यापैकी कोणी ऐकलंय का? आणि ‘ग्रोसो मोगुल’बद्दल कोणाशी तरी बोलायचंच आहे, पण ते नंतर.

---

मडगांवकार | २२ ऑक्टोबर २०१८, ०८:१५

षड्जपंचम, धागा काढलात, बरं केलंत. मी जूनपासून ऐकतोय.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत ती मी लिहितो. तारा. पॉजर तातीवर वाजवतात, म्हणजे आतड्यापासून केलेल्या तारेवर. हातातलं व्हायोलिन १७३९ सालचं, जिनोव्हाच्या पेझारिनी या कारागिराचं. विवाल्दी तेव्हा हयात होता. बरोक, म्हणजे विवाल्दीच्या काळचा, गजसुद्धा आजच्यासारखा आत वळलेला नसतो. तो बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर, वजनाला हलका, त्यामुळे स्वर सुरू होताना आणि संपताना आपोआप निमुळता होतो. आजच्या गजानं तोच परिणाम साधायला मुद्दाम मेहनत घ्यावी लागते. हनुवटीचा टेकूही त्या काळी नव्हता. तो एकोणिसाव्या शतकात आला.

आमच्या गावात चर्चच्या शाळेत संगीत शिकवणारे एक मास्तर होते, त्यांना सगळे मेस्त म्हणत. आमचं घर हिंदू, पण वडिलांनी मला बिनदिक्कत त्यांच्याकडे पाठवलं. आधी सोल्फेजो, वाद्याला हात लावायचा नाही. सहा महिने नुसतं स्वरलेखन बघून गायचं. त्यांच्या व्हायोलिनला तात होती. पावसाळ्यात ती ओल धरायची आणि सूर जागेवर राहत नसे. दर दहा मिनिटांनी खुंटी पिळायची. एकदा लाडाइन या प्रार्थनेच्या मध्येच वरची तार तुटली आणि मेस्तांच्या गालावर ओरखडा उठला. त्यांनी तो पुसला, खाली तीन तारांवर वरचे स्वर शोधले आणि प्रार्थना पुरी केली.

या सीडीत तो आवाज आहे. किंचित खरखरीत, दाणेदार, श्वासासारखा. सारंगी ऐकणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल, कारण सारंगीलाही तातच असते.

---

जुनी_कॅसेट | २२ ऑक्टोबर २०१८, ११:५२

मी थोडं वेगळं बोलतो, राग नसावा.

माझ्याकडे ‘चार ऋतू’ आले ते कॅसेटमधून. १९८२ साली तेल अवीवमध्ये हुबरमान महोत्सव झाला, त्याचं ध्वनिमुद्रण. इस्रायल फिलहार्मोनिक, आणि समोर आपले मुंबईचे झुबिन मेहता. चार ऋतूंना चार वादक : ‘वसंत’ आयझॅक स्टर्न, ‘ग्रीष्म’ पिंकस झुकरमन, ‘शरद’ श्लोमो मिंट्झ, ‘शिशिर’ इत्झाक पर्लमन. दादरच्या आमच्या खोलीत ती कॅसेट इतकी वाजली, की ‘ग्रीष्मा’त एके जागी टेप ताणली गेली होती. आजही तो भाग दुसरीकडे ऐकताना तिथे सूर घसरेल असं वाटून मी सावध होतो.

त्याआधी मित्राच्या वडिलांकडे इ मुझिचीची तबकडी ऐकली होती, फेलिक्स आयो यांचं व्हायोलिन. रोमचे बारा वादक, दिग्दर्शक नाही. त्यात एक ऊब आहे. तारांचा तो भरलेला, एकमेकांत मिसळलेला आवाज मला हवा असतो. पॉजर यांचं मी काल रात्री तुमच्या धाग्यामुळे ऐकलं. वाजवतात अप्रतिम, त्यात वादच नाही. पण ‘ग्रीष्मा’तलं शेवटचं वादळ मला सात-आठ जणांत पुरेसं वाटत नाही. वादळाला माणसं लागतात.

---

षड्जपंचम | २२ ऑक्टोबर २०१८, २१:३०

काका, राग कसला! ती १९८२ ची मैफल माझ्याही आवडीची आहे. पर्लमन यांच्या ‘शिशिरा’तला संथ भाग, बाहेर पाऊस आणि आत शेकोटी, तो मी कधीच सोडणार नाही.

वादळाबद्दल तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. संख्येतून येणारा जोर पॉजर यांच्याकडे नाही. पण त्या वादळात चेलो आणि व्हायोलोन (चेलोहूनही खालच्या सुराचं वाद्य) ज्या वेगानं पळतात ते इथे एक-एक स्वर सुटा ऐकू येतो. मोठ्या वृंदात तिथे गडगडाट असतो. गडगडाट हवा असेल तर मेहता. गारा पडताना एकेक गार कुठे पडते ते ऐकायचं असेल तर हे.

आणि एक बघा. विवाल्दीचे बारा कॉन्चेर्तो १७२५ साली ॲमस्टरडॅमला मिशेल-शार्ल ल सेन यांनी छापले, ‘सुसंवाद आणि कल्पकता यांची कसोटी’ अशा अर्थाच्या नावानं. चार ऋतू हे त्यातले पहिले चार. अर्पण केलेत बोहेमियाच्या काउंट मोर्झिन यांना. विवाल्दी अर्पणपत्रिकेत सांगतो, की हे तुम्ही पूर्वीच ऐकलेले आहेत, आता मी सोबत सुनीतं आणि नीट खुलासा जोडलाय. म्हणजे छापण्याच्या आधी हे एखाद्या दिवाणखान्यात, मोजक्या वादकांनी वाजवलेलं संगीत होतं. विवाल्दीच्या हातची या चौघांची प्रत आज उरलेली नाही. छापील प्रत आहे, आणि मँचेस्टरच्या ग्रंथालयात हस्तलिखित भागांचा एक संच आहे. तो १९७३ मध्ये मायकल टॅलबट या अभ्यासकांनी ओळखला.

---

ओवी | २३ ऑक्टोबर २०१८, ०७:०५

सुनीतांचा विषय निघाला म्हणून लिहितेय. वाचक आहे, पाश्चात्त्य संगीतातलं मला फार कळत नाही.

प्रत्येक ऋतूला एक सुनीत आहे. त्यातल्या ओळींना अ, ब, क अशी अक्षरं दिलेली, आणि तीच अक्षरं वादकांच्या कागदावर नेमक्या जागी छापलेली. कवी कोण ते कुठेच लिहिलेलं नाही. पुष्कळ लोक मानतात की विवाल्दीनंच केली असावीत.

मी पहिल्यांदा ‘ग्रीष्म’ ऐकला तो या ओळी समोर ठेवून. उन्हानं माणसं, जनावरं मरगळलेली. कोकिळेसारखा एक पक्षी ओरडतो, मग होला, मग आणखी एक. वारा सुटतो. गुराखी रडतो, कारण आता काय येणार ते त्याला कळतं. मधल्या भागात माश्या आणि गांधीलमाश्या त्याला झोपू देत नाहीत, आणि मध्येच दूरवर गडगडतं. शेवटी वीज, वारा, गारा. गारा उभ्या पिकाच्या ओंब्यांची मुंडकी छाटतात, असं त्या सुनीतात लिहिलंय.

इथे मी थांबले.

मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. आमचा गहू काढणीला आला होता. वडील दुपारी चार वाजता शेतावरून आले, काही बोलले नाहीत, चप्पल दाराबाहेर काढली आणि ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी गेले तर काड्या उभ्या होत्या आणि वर ओंब्या नव्हत्या. अक्षरशः नव्हत्या. सगळ्या खाली, मातीत. बांधालगत गारा अजून वितळलेल्या नव्हत्या.

तीनशे वर्षांपूर्वीच्या व्हेनिसच्या माणसानं तेच बघितलं असेल, हे मला त्या दिवशी संगीतातून कळलं. लोक या चार ऋतूंना आनंदी, प्रसन्न म्हणतात. ‘ग्रीष्मा’त एकही प्रसन्न जागा नाही. तो पहिल्या स्वरापासून भीतीत आहे. पॉजर यांच्यात गुराख्याचं रडणं आहे ना, तिथे व्हायोलिन एकटं पडतं, खाली चेलो पायरी-पायरीनं उतरत जातो. षड्जपंचम म्हणतात तसं खाली कान ठेवून ऐकलं. तो चेलो म्हणजे माझे वडील.

---

उत्तरेचा_वारा | २३ ऑक्टोबर २०१८, १४:४८

ओवीताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मी अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. उत्रेख्तला दर वर्षी जुन्या संगीताचा मोठा महोत्सव भरतो. तिथे जायला लागल्यापासून मला तातीच्या तारांचा नाद लागला. पॉजर यांची ‘ला स्त्राव्हागान्झा’ आणि ‘ला चेत्रा’ ही दोन्ही माझ्याकडे आहेत. म्हणजे त्या विवाल्दीकडे आत्ता वळल्या असं नाही. बारा-बारा कॉन्चेर्तोंचे संच पुरे करून मग त्या चार ऋतूंकडे आल्या. सगळे जिथून सुरू करतात तिथे त्या सर्वांत शेवटी पोचल्या, आणि ते ऐकताना कळतं. कुठेही ‘हे प्रसिद्ध आहे’ असा भाव नाही.

मला ‘शिशिरा’चा शेवटचा भाग इथे आल्यावर कळला. माणूस बर्फावरून हळूहळू चालतो, पडेल म्हणून भीत. मग जोरात वळतो, घसरतो, आपटतो. पुन्हा उठून पळतो, तर बर्फाला तडा जातो. इथे आमच्या घरामागचा कालवा गोठला की पोरं स्केट घेऊन उतरतात. मीही एकदा उतरलो. बर्फाला तडा जाण्याचा आवाज ‘खट’ असा नसतो. तो एक लांब, खोल सूर असतो, जाड तार सैल करून छेडावी तसा. पायाखालून सरसर पलीकडच्या काठापर्यंत जातो. भागाच्या सुरुवातीला सोलो व्हायोलिनखाली चेलो एकच स्वर लांब धरून बसतो, तो मला आता गोठलेलं पाणी वाटतो. व्हेनिसमध्ये १७०९ च्या हिवाळ्यात खाडी गोठली होती आणि लोक बर्फावरून चालत होते. विवाल्दी तेव्हा तिशीतला होता.

अजून एक, कारण इथे कोणी लिहिलं नाही. विवाल्दी १७०३ पासून व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमात व्हायोलिन शिकवत होता. टाकून दिलेली मुलं तिथे वाढत, आणि त्यातल्या मुलींना संगीत शिकवत. त्या जाळीआडून वाजवत, श्रोत्यांना चेहरे दिसत नसत. आडनावं नव्हतीच, म्हणून वाद्यावरून ओळख. अन्ना मारिया दाल व्हायोलिन ही त्यातली सर्वांत नावाजलेली. विवाल्दीनं तिच्यासाठी कितीतरी कॉन्चेर्तो लिहिले. युरोपभरचे लोक तिला ऐकायला येत. पॉजर यांच्यासारखी वादक मध्यभागी उभी राहून सगळ्यांना आपल्या श्वासावर चालवते, तेव्हा मला अन्ना मारिया आठवते.

---

बोरनहाण | २३ ऑक्टोबर २०१८, १६:२०

वाचतेय. ओवी, घट्ट मिठी.

---

तानपलटा | २४ ऑक्टोबर २०१८, ०९:३३

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी पुण्यात हिंदुस्थानी व्हायोलिन शिकते, सात वर्षं झाली. आम्ही मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवतो, त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि मींड लांब घेता येते. उभं राहून, खांद्यावर धरून वाजवणाऱ्यांकडे मी आजवर थोड्या परक्या नजरेनंच बघत आले.

या महिन्याच्या १० तारखेला पंडित डी. के. दातार गेले. आमच्या गुरुजींनी त्या दिवशी शिकवणी घेतली नाही. आम्हाला बसवून त्यांचं ध्वनिमुद्रण लावलं, तासभर. व्हायोलिन गातं म्हणजे काय ते तिथे कळतं. गज बदलल्याचं कळतच नाही, एकच श्वास चालू आहे असं वाटतं. त्यानंतर दोन आठवडे मला दुसरं काही ऐकवत नव्हतं.

मग हा धागा दिसला आणि ‘ग्रोसो मोगुल’ या नावामुळे तेच आधी लावलं. मधल्या भागाला मी उठून बसले. हे काय आहे? ताल नाही. व्हायोलिन एकटं, स्वतःच्या मनानं चालतं, थांबतं, एका स्वराभोवती फिरतं आणि मग पुढे जातं. हा आलाप आहे का? नाव मोगुल म्हणजे आपल्याकडून काही गेलं होतं का? षड्जपंचम, प्लीज सविस्तर लिहा.

---

षड्जपंचम | २४ ऑक्टोबर २०१८, २३:१०

तानपलटा, याच प्रश्नाची वाट बघत होतो.

आधी नाव. मोगुल म्हणजे मोगल बादशहाच. त्या काळी व्हेनिसमध्ये हिंदुस्थानच्या बादशहाचं मोठं आकर्षण होतं. दोमेनिको लाल्ली यांनी ‘इल ग्रान मोगोल’ नावाचं ऑपेराचं काव्य लिहिलं होतं. पण या कॉन्चेर्तोच्या विवाल्दीच्या स्वतःच्या हस्तलिखितावर हे नाव नाही, ते दुसऱ्या कोणी उतरवून घेतलेल्या प्रतीवर आहे. आणि सुरांत आपलं काहीही नाही. दिल्लीचं संगीत विवाल्दीच्या कानावर पडलं असेल असं मानायला कसलाही आधार नाही. मलाही ते खरं असावंसं फार वाटत होतं.

तरी एक गंमतीची गोष्ट आहे. विवाल्दीनं देशांच्या नावाचे चार बासरी कॉन्चेर्तो लिहिले होते : फ्रान्स, स्पेन, इंग्लंड आणि ‘इल ग्रान मोगोल’. चारही हरवले. मग २०१० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात, लॉर्ड रॉबर्ट कर यांच्या घराण्याच्या कागदांत, अँड्र्यू वुली या अभ्यासकांना मोगोलवाला सापडला. दुसऱ्या व्हायोलिनचा कागद तेवढा नव्हता. लॉर्ड रॉबर्ट स्वतः बासरी वाजवत आणि १७४६ च्या कलोडनच्या लढाईत मारले गेले.

आता तुमचा मधला भाग. त्याचं शीर्षकच ‘रेचितातीव्हो’ आहे. ऑपेरात गाणं सुरू होण्याआधी पात्र जे बोलत-बोलत गातं ते रेचितातीव्हो. शब्दांच्या चालीनं जायचं, मात्रांच्या नाही. विवाल्दी ऑपेराचा माणूस, त्यानं तीच रीत व्हायोलिनला दिली. म्हणजे हे व्हायोलिन गात नाही, बोलतं. आलाप नाही, स्वगत आहे. पण बोलता बोलता ते ज्या तऱ्हेनं एका स्वराशी रेंगाळतं, त्याला आपण आपल्या कानांनी आलाप म्हटलं तर मी तरी अडवणार नाही.

पहिल्या आणि शेवटच्या भागात लिहून ठेवलेले लांबलचक कादेन्झा आहेत, म्हणजे बाकी सगळे थांबतात आणि व्हायोलिन एकटं सुटतं. १७१५ च्या फेब्रुवारीत फ्रँकफुर्टचे उफेनबाख नावाचे गृहस्थ व्हेनिसच्या सांत आंजेलो नाट्यगृहात गेले होते. विवाल्दीनं शेवटी असंच काही वाजवलं. ते रोजनिशीत लिहितात, की त्याची बोटं घोडीच्या (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीच्या) इतकी जवळ गेली, की गजाला जागाच उरली नाही, आणि हे चारही तारांवर, अविश्वसनीय वेगानं. ऐकून आपण दचकलो असं ते म्हणतात. पॉजर या कादेन्झात घाई करत नाहीत. वर जाताना प्रत्येक पायरीवर पाऊल टेकतात. जर्मन संगीतकार बाखला हा कॉन्चेर्तो इतका आवडला, की त्यानं तो अख्खा ऑर्गनवर उतरवून घेतला.

---

जुनी_कॅसेट | २५ ऑक्टोबर २०१८, १२:१७

विवाल्दीच्या हस्तलिखितांचा उल्लेख झाला म्हणून. ती तुरीनला आहेत. ती तिथे कशी आली ते तरुण मंडळींना माहीत असावं.

विवाल्दी १७४१ मध्ये व्हिएन्नात गरिबीत गेला आणि पुढे दीडशे वर्षं त्याला कोणी विचारलं नाही. १९२६ मध्ये इटलीतल्या एका सालेशियन मठाला जुने कागद विकायचे होते. किंमत ठरवायला ते तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आले. आल्बेर्तो जेंतिली या प्राध्यापकांनी खोकी उघडली तर विवाल्दीच्या हातच्या संहिता, गठ्ठ्यावर गठ्ठे. सरकारी पैसा नव्हता. रोबेर्तो फोआ या गृहस्थांनी विकत घेऊन ग्रंथालयाला दिले, आपल्या वारलेल्या लहान मुलाच्या, माउरोच्या नावानं. मग लक्षात आलं की संग्रहाचा अर्धा भाग दुसरीकडेच आहे. तो जिनोव्हात एका सरदार घराण्याकडे सापडला. १९३० मध्ये तो फिलिप्पो जोर्दानो यांनी घेऊन दिला. त्यांचाही मुलगा गेला होता, रेन्झो. दोन्ही संग्रह आजही त्या दोन मुलांच्या नावानं आहेत. जेंतिली ज्यू होते, १९३८ च्या वंशकायद्यात त्यांची नोकरी गेली. ज्यांनी शोधलं त्यांनाच त्यावर पुढे काम करू दिलं नाही. मला याची चीड येते, ऐंशी वर्षं झाली तरी.

‘ग्रोसो मोगुल’ काल दोनदा ऐकला. तो मला माझ्या कॅसेटीत कधी मिळाला नसता, त्याबद्दल तुमचे आभार. वादळाबद्दल माझं मत तेच आहे.

---

मडगांवकार | २५ ऑक्टोबर २०१८, २०:०२

काका, ही माहिती मला नव्हती. धन्यवाद.

‘इल रिपोझो’बद्दल कोणीच लिहिलं नाही. नाताळसाठीचा कॉन्चेर्तो, सगळ्या वादकांनी घोडीवर चाप बसवून वाजवायचा, त्यामुळे आवाज पडद्याआडून आल्यासारखा येतो. बाळ झोपलंय आणि घरात सगळे दबक्या पावलांनी फिरतायत असा. विवाल्दी धर्मगुरू होता हे चार ऋतूंत विसरायला होतं, इथे होत नाही. डिसेंबरमध्ये आमच्या वाड्यावर गोठा मांडतात तिथे या वर्षी लावायला सांगणार आहे.

---

तानपलटा | २८ ऑक्टोबर २०१८, २१:४५

आज गुरुजींना ऐकवलं.

मी आधी काहीच सांगितलं नाही, ना नाव, ना काळ. फोन तंबोऱ्याच्या पेटीवर ठेवला आणि ‘ग्रोसो मोगुल’चा मधला भाग लावला. गुरुजी डोळे मिटून बसले. संपल्यावर म्हणाले, “पुन्हा लाव.” दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा उजवा हात मांडीवर गजासारखा हलत होता. मग म्हणाले, “बाईंचा गज फार शुद्ध आहे. कुठे दाबत नाहीत.”

मला वाटलं आता आलापाबद्दल बोलतील. त्यांनी वेगळंच विचारलं. “हिच्या खाली कोण आहे?”

मी म्हटलं, चेलो आणि हार्पसिकॉर्ड.

“तो हलतोय.”

तिसऱ्यांदा लावलं. या वेळी व्हायोलिनकडे लक्षच द्यायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. खालचा स्वर थोडा वेळ राहतो आणि मग सरकतो. वरचं व्हायोलिन तोच स्वर धरून असतं, पण खालचा सरकला की त्याच स्वराचा अर्थ बदलतो. मघाशी घरी पोचल्यासारखा वाटत होता तो आता वाटेतच आहे असं वाटतं. गुरुजी म्हणाले, “आपला षड्ज खाली स्थिर असतो, म्हणून आपण वर कितीही लांब जाऊ शकतो. हिच्या पायाखालची जमीनच सरकते आणि तरी ही बोलतेय. हे अवघड आहे.” मग त्यांनी स्वतःचं व्हायोलिन घेतलं, मला तंबोरा बंद करायला सांगितला आणि बाजाच्या पेटीवर एक-एक स्वर सावकाश बदलत धरायला लावला. वर ते एकच गंधार धरून बसले. गंधार तोच, पण माझं बोट बदललं की तो दर वेळी नवा. बराच वेळ आम्ही तेवढंच केलं.

पुढच्या रविवारी सीडी घेऊन ये म्हणालेत. ‘वसंता’तला कुत्रा त्यांना ऐकायचाय.

---

षड्जपंचम | २८ ऑक्टोबर २०१८, २२:३०

तानपलटा, गुरुजींना माझा नमस्कार सांगा. कुत्रा ऐकवाल तेव्हा फोनवर नको, तुमच्याकडे चांगले स्पीकर असतील तर ते न्या. फोनला खालचे स्वर झेपत नाहीत. आणि त्यानंतर ‘शिशिरा’ची सुरुवात लावा, ती चेलोपासून वर चढत जाणारी. ते काय म्हणतात ते इथे नक्की लिहा.